प्लँकच्या सीएमबी नकाशात कॅनी लावून कॉस्मिक स्ट्रिंगचा शोध: निघालेल्या कडांचं करायचं काय?

वर्धारोड_फोटॉन (प्रश्न)

नमस्कार मंडळी. नागपूर विद्यापीठ, एम.एस्सी. भौतिकशास्त्र, चौथं सेमिस्टर. प्रोजेक्टचा विषय आहे सीएमबीच्या (महास्फोटानंतर उरलेल्या सूक्ष्मलहरी प्रारणाच्या) तापमानाच्या नकाशात कॉस्मिक स्ट्रिंगच्या (आरंभीच्या विश्वात तयार झाल्या असाव्यात अशा अतिशय बारीक, जड तंतूंच्या; अजून सापडलेल्या नाहीत) खुणा शोधणे.

आतापर्यंतची मांडणी अशी: प्लँक उपग्रहाचा २०१८ चा स्मिका नकाशा (आकाशगंगेचं प्रारण वजा करून काढलेला), एनसाइड म्हणजे नकाशाची बारकाई २०४८. त्यातून १० × १० अंशांचे चौकोनी तुकडे, नोमोनिक (गोलावरून सपाट) प्रक्षेपण, पिक्सेल १.५ आर्कमिनिटांचा. प्रत्येक तुकड्यावर सायकिट-इमेज या पायथन लायब्ररीतलं कॅनी (चित्रातल्या कडा शोधणारा अल्गोरिदम), सिग्मा १, थ्रेशोल्ड क्वांटाइलने ०.८ आणि ०.९. प्रत्येक तुकड्यात शेकड्यांनी कडा निघतात, त्यातल्या काही अंशभर लांब आणि बऱ्यापैकी सरळ. काही तुकड्यांत तर बऱ्याच कडा एकाच दिशेला झुकलेल्या दिसतात.

विचारायचं हे की,
यातली एखादी कड स्ट्रिंगची आहे की नाही हे ठरवायचं कसं?
गाईड म्हणतात, "चित्रं नकोत, एक आकडा आणा." तो आकडा नेमका कशाचा?
आणि ८ जीबी रॅम, ग्राफिक कार्ड नाही, हातात अडीच महिने. एवढ्यात काय जमण्यासारखं आहे?

तर्री_पोहे

कडा बघण्याआधी कागदावर एक गणित करा, अर्धा गोंधळ तिथेच मिटेल.

पळत्या स्ट्रिंगच्या दोन बाजूंना तापमानात जी पायरी पडते (कायझर आणि स्टेबिन्स, १९८४), ती ८ × पाय × जी-म्यू × व्ही × गॅमा इतकी असते, सरासरी तापमानाच्या पटीत. इथे जी-म्यू म्हणजे स्ट्रिंगचं दर लांबीमागचं वस्तुमान, गुरुत्व स्थिरांकाने गुणून आणि सी वर्गाने भागून एकक घालवलेलं; यालाच स्ट्रिंगचा ताण म्हणतात. व्ही म्हणजे स्ट्रिंगचा वेग, गॅमा म्हणजे सापेक्षतेतला लॉरेन्ट्झ गुणक. वेग प्रकाशाच्या ०.६ पट धरा, म्हणजे व्ही × गॅमा ०.७५ येतो. प्लँकच्या टीमने २०१३ साली पॉवर स्पेक्ट्रमवरून (कुठल्या कोनावर तापमानाचे चढउतार किती, ते सांगणारा आलेख) नांबू-गोटो स्ट्रिंगसाठी (जाडी शून्य धरणारं मॉडेल) ९५ टक्के खात्रीची मर्यादा दिली ती १.५ × १०^-७. हाच ताण घातला, तर २.७२५ केल्विनवर पायरी येते साधारण ७.७ मायक्रोकेल्विन. हीसुद्धा स्ट्रिंगची दिशा आणि वेग दोन्ही आपल्या सोयीचे असतील तेव्हा. तिरक्या स्ट्रिंगला याच्या निम्मंच मिळेल.

आता कॅनी पायरीची उंची बघत नाही, उतार बघतं. स्मिकाचा बीम (नकाशात एखादा बिंदू जेवढा पसरतो ती रुंदी) ५ आर्कमिनिट, म्हणजे सिग्मा २.१२. गॉसियन बीमने पसरवलेल्या पायरीचा सर्वांत जास्त उतार म्हणजे उंची भागिले (२.५०७ × सिग्मा). आपल्या ७.७ च्या पायरीला तो पडतो दर आर्कमिनिटाला सुमारे १.४ मायक्रोकेल्विन.

आणि साध्या, स्ट्रिंगविरहित सीएमबीचा आरएमएस उतार? दर आर्कमिनिटाला १२-१३ मायक्रोकेल्विन. माझ्या शब्दावर जाऊ नका. कॅम्ब या प्रोग्रॅममधून सी-एल (पॉवर स्पेक्ट्रमचे आकडे; एल जितका मोठा तितका कोन लहान) काढा आणि (२एल+१) × एल(एल+१) × सी-एल भागिले ४ पाय अशी बेरीज करून वर्गमूळ घ्या. चार ओळींचा कोड आहे.

थोडक्यात, पॉवर स्पेक्ट्रमने अजून जिवंत ठेवलेली कुठलीही स्ट्रिंग तुमच्या उघड्या नकाशावरच्या कॅनीला दिसण्याचा प्रश्नच येत नाही. ज्या कडा निघतायत त्या साध्या गरम-थंड डागांच्या कडा आहेत, आणि त्या निघायलाच हव्यात. जी-म्यू १०^-६ घेतला तर पायरी ५१ मायक्रोकेल्विनची आणि उतार १० च्या जवळ जातो. म्हणजे कॅनीचा खेळ सुरू होतो तो साधारण तिथून. प्लँकने त्याच २०१३ च्या कामात नकाशातल्या नक्षीचा आकार बघणाऱ्या पद्धती वापरल्या, म्हणजे बायस्पेक्ट्रम आणि मिन्कोव्स्की फंक्शनल. त्यांच्याही मर्यादा ७.८ ते ८.८ × १०^-७ च्या घरातच राहिल्या. योगायोग नाही तो.

म्हणून "ही कड स्ट्रिंगची का" हा प्रश्न सोडून द्या. गाईडना हवा असलेला आकडा म्हणजे: माझ्या पद्धतीला, या गोंगाटात, किती जी-म्यूपासून पुढची स्ट्रिंग ९५ टक्के खात्रीने ओळखता आली असती. हा प्रोजेक्ट अडीच महिन्यांत नीट होतो.

शून्यमैल

तर्रीभाऊंचं गणित बरोबर. मी तुमच्या मांडणीतल्या अडचणी सांगतो, कारण आकडा काढायला बसलात तरी या तशाच राहतील.

सगळ्यात मोठी: क्वांटाइल थ्रेशोल्ड. ०.९ क्वांटाइल म्हटलं की प्रत्येक तुकड्यातले वरचे १० टक्के उताराचे पिक्सेल आपोआप "ठळक" ठरतात, मग तिथे स्ट्रिंग असो वा नसो. कडांची संख्या तुम्हीच आधी बांधून टाकलीत. थ्रेशोल्ड मायक्रोकेल्विनमध्ये ठरवा, स्ट्रिंगविरहित सिम्युलेशनवरून एकदाच, आणि मग सगळ्या तुकड्यांना तोच. त्याआधी नकाशा १० लाखाने गुणून घ्या, फाइलमधली किंमत केल्विनमध्ये असते. सायकिट-इमेजला थ्रेशोल्ड दिलाच नाही तर ते स्वतःचं डिफॉल्ट धरतं. ते साध्या फोटोंसाठी ठीक, केल्विनमधल्या नकाशावर त्याला काही अर्थ नाही.

एका दिशेला झुकलेल्या कडा: त्या तुकड्यांची केंद्रं क्रांतिवृत्ताच्या निर्देशांकांत बदलून बघा. कडा क्रांतिवृत्ताच्या ध्रुवांकडे जाणाऱ्या रेषांना समांतर निघाल्या तर तो प्लँकच्या स्कॅनचा पट्टा आहे. उपग्रह आकाशात मोठी वर्तुळं काढत फिरायचा आणि ती त्या ध्रुवांजवळून जायची, म्हणून कमी वारंवारतेचा गोंगाट त्याच दिशेने लांबट होतो. त्याच कारणाने ध्रुवांपाशी गोंगाट कमी आणि क्रांतिवृत्तापाशी जास्त. सगळीकडे एकसारखा पांढरा गोंगाट धरून सिम्युलेशन केलं तर हा फरक पूर्ण सुटतो, आणि मग शांत भागातले तुकडे उगाच "वेगळे" वाटायला लागतात.

यावर स्वस्त उपाय आहे. स्मिकाचे दोन हाफ-मिशन नकाशे मिळतात. त्यांची वजाबाकी भागिले दोन म्हणजे खऱ्या गोंगाटाचा एक नमुना, पट्ट्यांसकट. आकाश दोन्हींत सारखंच असल्याने ते उडून जातं. तुमच्या खोट्या सीएमबीत, त्याच जागच्या तुकड्यात, हा मिसळा. प्लँकच्या टीमची एफएफपी१० नावाची तयार गोंगाट-सिम्युलेशन ३०० आहेत आणि ती जास्त चांगली, पण पूर्ण आकाशाचा एक-एक नकाशा शेकडो एमबीचा. हॉस्टेलच्या वायफायवर तो नाद करू नका.

प्रक्षेपण: हीलपिक्सचा (प्लँकचे नकाशे गोलावरच्या ज्या जाळीत असतात तिचा) पिक्सेल १.७ आर्कमिनिटांचा आणि चौकटच्या पत्त्यासारखा तिरका. तुम्ही १.५ चा ग्रिड टाकून जवळचा पिक्सेल उचलत असाल तर पायऱ्या-पायऱ्यांची नक्षी तयार होते आणि कॅनी ती प्रामाणिकपणे शोधून देतं. इंटरपोलेशन वापरा, ग्रिड २ आर्कमिनिटांचा चालेल. मुख्य म्हणजे खोटे नकाशेसुद्धा आधी हीलपिक्सवर बनवून याच वाटेने आणा.

मास्क: फाइलमध्ये भरून काढलेला म्हणजे इनपेंट केलेला स्तंभही असतो. तो दिसायला सुंदर, पण भरलेल्या जागी कडांची आकडेवारी खोटी. मूळ स्तंभ घ्या आणि तापमानाचा कॉमन मास्क (दूषित भाग झाकणारा) लावा, त्यात ७८ टक्के आकाश उरतं. मास्कच्या काठापासून किमान ३० आर्कमिनिटांतल्या कडा मोजूच नका, कारण मास्कची कड हीच आकाशातली सगळ्यात ठसठशीत कड असते. बीमएवढ्या व्यासाची गोल कड दिसली तर तो बिंदुस्रोत समजा. आकाशगंगेच्या पट्ट्याजवळ लांब वाकडी कड आली तर धूळ. तिथला तुकडा कमांडर आणि निल्क या वेगळ्या पद्धतींनी साफ केलेल्या प्लँकच्या नकाशांतही काढून बघा, धुळीचं उरलंसुरलं प्रत्येक पद्धतीत वेगळं दिसतं.

रॅमची चिंता सोडा. ५ कोटी ३ लाख पिक्सेल, ३२-बिटमध्ये एक स्तंभ २०० एमबी. फक्त शून्य क्रमांकाचा स्तंभ वाचा. गोलीय हार्मोनिक काढताना एल-मॅक्स ३००० ठेवा. न सांगितल्यास हीलपाय (हीलपिक्सची पायथन लायब्ररी) ६१४३ पर्यंत जातं आणि तुमचा लॅपटॉप चहा प्यायला.

वर्धारोड_फोटॉन

खूप मदत झाली, दोघांनाही धन्यवाद. थ्रेशोल्ड आणि मास्क आजच बदलते.
दोन गोष्टी अडल्यात. खोट्या नकाशात स्ट्रिंग घालायच्या कशा? नांबू-गोटोचं पूर्ण सिम्युलेशन लॅपटॉपवर होणार नाही. आणि पॉवर स्पेक्ट्रम जर १.५ × १०^-७ पर्यंत पोचतो, तर कडा शोधणारे लोक त्याच्या मागेच का राहतात? नकाशात तर माहिती जास्त असायला हवी ना?

तर्री_पोहे

दुसऱ्याचं आधी सांगतो, त्यातच पहिल्याचं अर्धं उत्तर आहे.

आपल्या डोक्यात चित्र असतं ते एका लांब स्ट्रिंगचं आणि तिने पाडलेल्या एका स्वच्छ पायरीचं. खरं तर रिकॉम्बिनेशनपासून (सीएमबीचा प्रकाश मोकळा सुटला तेव्हापासून) आजपर्यंत प्रकाशाला शेकडो स्ट्रिंगांचे धक्के बसत येतात आणि ते एकावर एक बसतात. असे पुष्कळ स्वतंत्र धक्के जोडले की बेरीज गॉसियनकडे सरकते. म्हणजे स्ट्रिंगचा बराचसा ठसा पॉवर स्पेक्ट्रममध्येच जातो आणि कडांमध्ये उरतो तो थोडा, तोही बारीक कोनांवर, जिथे प्लँकचा बीम आणि गोंगाट आडवे येतात. स्मिकात एल १८०० च्या आसपास गोंगाट सिग्नलला गाठतो. नकाशात माहिती जास्त असते हे खरं, पण ती एल ३००० च्या पलीकडे. तिथे मूळ सीएमबी सिल्क डॅम्पिंगने (फोटॉन पसरल्याने बारीक डाग पुसले जातात त्याने) झपाट्याने खाली येतो आणि स्ट्रिंगचा स्पेक्ट्रम मात्र हळूहळू, एल च्या जवळपास व्यस्त प्रमाणात उतरतो.

आता सोपं मॉडेल. पेरिव्होलारोपोलस यांनी १९९० च्या दशकात मांडलेली कल्पना आहे, आजही चालते. रिकॉम्बिनेशनपासून वेळ दुपटीदुपटीने मोजा. ३.८ लाख वर्षांपासून १३८० कोटींपर्यंत अशा १५ पायऱ्या होतात. प्रत्येक पायरीत प्रत्येक हबल आकारमानात (साधारण त्या वेळच्या क्षितिजाएवढ्या भागात) साधारण १० स्ट्रिंग धरा. पहिल्या पायरीत हबल लांबीचा कोन सुमारे १.८ अंश, पुढे प्रत्येक दुपटीला तो अंदाजे १.२६ पट. शेवटच्या पायऱ्यांत हे नातं बिघडतं, पण तेव्हाचे डाग तुमच्या तुकड्यापेक्षा मोठे असतात, कडांना त्यांचा उपयोग नाही.

प्रत्येक स्ट्रिंगसाठी एक आयत काढा. मधली रेषा म्हणजे स्ट्रिंग, लांबी एक हबल कोन, दिशा आणि जागा रँडम. रेषेच्या एका बाजूला अधिक ४ × पाय × जी-म्यू × व्ही × गॅमा × आर, दुसऱ्या बाजूला तेवढंच उणे. आर हा ० ते १ मधला रँडम आकडा, तो प्रक्षेपणाचा परिणाम सांभाळतो. किती आयत लागतील त्याचं सूत्र: १० × (तुकड्याची बाजू + २ × कोन) वर्ग भागिले कोन वर्ग. १० अंशांच्या तुकड्याला पहिल्या पायरीत हे ५७० च्या आसपास येतं आणि शेवटीशेवटी पन्नाशीच्या आत. "+ २ × कोन" विसरू नका. ते गाळलं की तुकड्याच्या काठावर स्ट्रिंग विरळ होतात आणि मध्यभाग उगाच दाट भासतो.

हे सपाट ग्रिडवर करा, पण २० अंशांचा चौकोन बनवून मधला १० अंश कापा. एफएफटी (वेगवान फूरिए रूपांतर) नकाशाला डावीकडून उजवीकडे गुंडाळतं आणि जोडावर नवी पायरी तयार होते. क्रमही जपा: आधी सीएमबी आणि स्ट्रिंग यांची बेरीज, मग बीम, शेवटी गोंगाट. हाफ-मिशनमधला गोंगाट आधीच बीम पार करून आलेला असतो, त्याला पुन्हा पसरवू नका. शून्यमैल म्हणतात तसं सीएमबी हीलपिक्सवर बनवणार असाल तर स्ट्रिंगचा तुकडा प्रक्षेपणानंतर, स्वतंत्रपणे बीम लावून, मिसळला तरी चालेल. बीम रेषीय आहे, फरक पडत नाही.

कॅनीच्या आधी एक वीनर फिल्टर लावा. प्रत्येक एल ला वजन: स्ट्रिंगचा सी-एल भागिले (सीएमबी + गोंगाट + स्ट्रिंग). स्ट्रिंगचा सी-एल तुमच्याच स्ट्रिंग-नकाशांच्या सरासरीतून घ्या. यातून मोठे डाग दबतात आणि बारीक पायऱ्या थोड्या वर येतात. जादू होत नाही, पण फिल्टरसह आणि फिल्टरविना असे दोन आकडे प्रबंधात शेजारी ठेवता येतात. परीक्षकाला तेवढं पुरतं.

खोडदचा_कान

मध्येच बोलतो. पल्सारच्या ठोक्यांवरून गुरुत्वीय लहरी शोधणाऱ्या पल्सार टायमिंगवाल्यांच्या जी-म्यूवरच्या मर्यादा १०^-१० च्या आसपास पोचल्यात. आपल्या खोडदच्या जीएमआरटी रेडिओ दुर्बिणीवरून होणारी इन-पीटीए मोहीम त्याच कामात आहे. २०२३ च्या युरोपियन निकालांत तिचा डेटा एकत्र होता. मग तीन घरं मागे राहून सीएमबीत कडा कशाला शोधायच्या?

शून्यमैल

@खोडदचा_कान प्रश्न रास्त आहे, पण त्या मर्यादा स्ट्रिंगच्या वेटोळ्यांवर उभ्या आहेत. वेटोळी किती आकाराची तुटतात आणि त्यांची ऊर्जा गुरुत्वीय लहरींतच जाते का, हे गृहीत धरावं लागतं. फील्ड-थिअरीच्या सिम्युलेशनमध्ये बरीच ऊर्जा कणांच्या रूपाने निघून जाताना दिसते, तसं असेल तर ती मर्यादा सैल पडते. सीएमबीला वेटोळ्यांचं देणंघेणं नाही, लांब स्ट्रिंगचं गुरुत्व पुरेसं. मॉडेलचा फरक इथेही आहेच. प्लँकचीच अबेलियन-हिग्ज (फील्ड-थिअरीच्या मॉडेलची) मर्यादा ३.२ × १०^-७ आहे, नांबू-गोटोच्या दुपटीहून जास्त. तरी तो फरक दोनाच्या पटीत आहे, हजाराच्या नाही.

@वर्धारोड_फोटॉन प्रबंधाच्या प्रस्तावनेत हा मुद्दा घ्या. तोंडी परीक्षेत कुणीतरी विचारणारच.

संत्र्याची_साल

न्यूरल नेटवर्कचं कुणी बोललं नाही म्हणून. गोंगाट शून्य धरून केलेल्या कामांत १०^-९ च्या घरातले आकडे दिसतील, भुलू नका. खरा गोंगाट आणि बीम घातला की ते खूप वर चढतात. शिवाय आयतांच्या मॉडेलवर शिकवलेलं नेटवर्क आयतांचे कोपरे ओळखायला शिकतं, जे खऱ्या स्ट्रिंगला नसतात. मला विचाराल तर या प्रोजेक्टमध्ये नको. फार हौस असेल तर एसीटी या चिलीतल्या दुर्बिणीचा सार्वजनिक नकाशा घ्या, १.४ आर्कमिनिटांचा बीम आहे. तुमचाच कॅनी तिथे नीट चालेल, फक्त गरम वायूच्या गॅलेक्सी-गुच्छांच्या थंड ठिपक्यांचा आणि बिंदुस्रोतांचा वेगळा मास्क लागेल. तेही मुख्य काम संपल्यावर.

वर्धारोड_फोटॉन

शेवटचं विचारते. मर्यादा लिहिताना नेमकं काय मोजायचं? कडांची एकूण संख्या की लांबी? आणि किती सिम्युलेशन पुरतील?

तर्री_पोहे

लांबीचा हिस्टोग्राम घ्या, १५ खाने पुष्कळ. एकूण संख्येवर गोंगाटातल्या तुटक कडांचं राज्य असतं. स्ट्रिंगचा परिणाम मधल्या आणि लांब कडांच्या प्रमाणात दिसतो. खाने, थ्रेशोल्ड, फिल्टर हे सगळं सिम्युलेशनवर ठरवा आणि गोठवा. खरा नकाशा त्यानंतरच उघडा. तुम्ही तो पाहिलेला आहेच, म्हणून आतापर्यंत पाहिलेले तुकडे बाजूला ठेवून नवे निवडा, आकाश भरपूर आहे.

जी-म्यू ० साठी २०० सिम्युलेशन. मग ५ × १०^-६ पासून खाली २, १, ०.७, ०.५ अशा पायऱ्यांनी येत प्रत्येकी २००. ५ × १०^-६ ला तुमची पद्धत स्ट्रिंग ओळखत नसेल तर कोडमध्ये चूक आहे, पुढे जाऊ नका. २०० नमुन्यांतून कोव्हेरियन्स (हिस्टोग्रामच्या खान्यांचे चढउतार एकमेकांशी किती जोडलेले, त्याचा तक्ता) काढून तो उलटा केला की तो फुगतो. त्याला (२०० − १५ − २) भागिले १९९, म्हणजे ०.९२ ने गुणा. लहान दुरुस्ती आहे, पण न केल्यास मर्यादा आहे त्यापेक्षा कडक दिसते. मग ज्या जी-म्यूला ९५ टक्के सिम्युलेशन खऱ्या नकाशापेक्षा जास्त "स्ट्रिंगदार" निघतात, तो तुमचा आकडा. १०^-६ च्या आसपास आला तर समजा काम नीट झालं. १०^-७ च्या खाली आला तर आनंद साजरा करण्याआधी एककं तपासा.

आणि २०० तुकडे तपासणार असाल तर त्यातले दोन "९९ टक्के खात्रीचे" नुसत्या योगायोगाने निघतील. त्यांना स्वतंत्र आकृती देऊ नका.

शून्यमैल

एक व्यवहाराची गोष्ट. एप्रिल-मे उजाडला की नागपुरात दुपारी लॅपटॉप तापून आपोआप वेग कमी करतो, आणि कूलरच्या दमट झोतासमोर तो ठेवणं वाईटच. रन रात्री लावा. प्रत्येक सिम्युलेशन संपलं की हिस्टोग्राम आणि रँडम सीड लगेच डिस्कवर लिहा, नकाशा ठेवू नका. लाइट गेली तर एकच सिम्युलेशन वाया जाईल, आणि एखादं विचित्र निघालं तर सीडवरून तो नकाशा पुन्हा जसाच्या तसा काढता येईल.